बारा थौचा वाक

भंगारवाल्याच्या काट्यावर माझा बेस, म्हणजे खर्जातले सूर देणारा चार तारांचा गिटार, चार किलो शंभर ग्रॅम भरला.

"लाकूड घेत नाही आपण," तो म्हणाला. "ह्या चार खुंट्या आणि तारा सोडवून आणा. पितळ असलं तर बघू."

मी विकायला गेलोच नव्हतो. मला नुसतं वजन करायचं होतं. घरच्या काट्यावर बेस उभा राहत नाही, आणि किराणावाल्याच्या काट्यावर सकाळपासून तांदूळ असतो. पण बेस वाजवणाऱ्या माणसाला आपल्या वाद्याचं वजन ग्रॅमपर्यंत ठाऊक असावं लागतं. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात तीन तास ते डाव्या खांद्यावर लटकलेलं असतं. चार किलो म्हणजे भाग्य, पाच किलो म्हणजे हाडांचा डॉक्टर. चार-शंभर हा आकडा ऐकून मी हरखलो, आणि तो आनंद सांगायला समोर फक्त भंगारवाला होता. माझं सगळं दुखणं हेच आहे.

हा बेस हातानं घडवलेला आहे. बेंगळुरात एक कारागीर एकटाच बसून ही वाद्यं करतो. सांगितल्यापासून हातात पडेपर्यंत चौदा महिने गेले. मामांना मी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं.

"हातानं केलाय? मग स्वस्तात पडला असंल की!"

आमच्या बेळगावात हातानं केलेलं म्हणजे शेवया, सांडगे आणि पापड. दुपारी कुणाची तरी मावशी बसून करते आणि शेरावर देते. यंत्रावर केलेलं ते महाग. किंमत मी मामांना सांगितली नाही. घरीही सांगितलेली नाही, तेव्हा इथंही सांगत नाही.

"चौदा महिने?" मामा म्हणाले. "तेवढ्यात आमच्या शेजाऱ्यानं दोन मजले चढवले."

आता मामांना कसं सांगायचं, की १९५१ मध्ये लिओ फेंडरनं बाजारात आणलेला बेस कारखान्यातच तयार होत होता आणि त्यानं जगाचं चांगलं चाललं होतं? त्याआधी कपाटाएवढा डबल बेस उभा धरून वाजवावा लागे. फेंडरनं तो गळ्यात अडकवला, मानेवर आडव्या पट्ट्या ठोकल्या, सूर नेमका लागतो म्हणून नाव ठेवलं प्रिसिजन. पण वाजवणाऱ्यांचं समाधान कुठलं होतंय! सत्तरच्या सुमारास कॅलिफोर्नियात अलेम्बिकवाल्यांनी हातानं बेस घडवायला घेतले, ते जाझ वाजवणाऱ्या स्टॅन्ली क्लार्कनं गाजवले. १९८३ पासून ब्रुकलिनमध्ये फोडेरा नावाची कंपनी ते घडवते. (हे नाव ऐकून मामांना तो देवळापुढं नारळ फोडणारा माणूस वाटला.) अँथनी जॅक्सन या बेसवाल्याला चार तारा पुरेनात, म्हणून त्यानं १९७५ मध्ये कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून सहा तारांचा बेस करून घेतला. तिकडं हे चालतं. आमच्याकडं चार तारा बघूनच लोक हळहळतात, "उरलेल्या दोन तुटल्या काय?"

बरं, वाजवून दाखवावं तर तीही सोय नाही. माझी सगळ्यात खालची तार सेकंदाला एक्केचाळीस वेळा हलते. मोबाईलच्या टिकलीएवढ्या स्पीकरातून तो सूर बाहेर पडतच नाही. गणपतीतल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पुण्याच्या बहिणीला पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं, "छान! सगळं ऐकू आलं. तू नुसता उभा का होतास?"

जुलैत पाऊस लागला. बेळगावचा पाऊस लागला की आठ-आठ दिवस दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तिथं लाकडाचं काय! मानेवरची लाकडी फळी, म्हणजे फिंगरबोर्ड, फुगली, बेसची मान मागं गेली आणि तारा पट्ट्यांवर घासून झर्र करायला लागल्या. मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते, ती पाव फेरा सैल केली की काम होतं. पण त्यासाठी लागणारी सहा कोनी किल्ली, एलन की, आमच्या चिरंजीवांनी सायकलला वापरून कुठं टाकली देव जाणे. सळई अमेरिकन, माप इंचातलं. तीन सोळांश, म्हणजे चार पॉइंट शहात्तर एमएम. दुकानात साडेचारची मिळते, ती गोल फिरते. पाचची मिळते, ती आत जात नाही.

शेवटी उद्यमबाग गाठलं. फाउंड्र्या आणि लेथच्या गर्दीत एका ओळखीच्या मिस्त्रींचं शेड आहे. त्यांनी पाचची की घेतली आणि ग्राइंडरवर सहाही बाजूंनी घासायला सुरुवात केली. जरा घासायची, पाण्यात बुडवायची, पुसायची, मायक्रोमीटरमध्ये धरायची. पुन्हा घासायची. की होईपर्यंत मी बेस पिशवीतून काढून ठेवला. मिस्त्रींनी हात पुसले, बेस उचलला, एक डोळा मिटला आणि शाफ्ट बघतात तसं मानेवरून आरपार बघितलं.

"सरळ आहे की. बिघडलंय काय?"

"सरळ आहे हेच बिघडलंय. बारा थौ वाक पाहिजे."

"वाक पाहिजे?"

(थौ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) मी समजावलं. तार मधोमध जास्त झुलते, तिला झुलायला जागा लागते, म्हणून मान मधे केसभर खोल हवी. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्याकडं दोन थौ वाक आला तर गिऱ्हाईक जॉब तोंडावर मारतंय. तुम्ही पेट्रोल जाळून वाक घालून घ्यायला आलासा!"

पण पाव फेरा त्यांनीच दिला, आणि फिलर गेज घालून बारा थौ बरोबर मोजूनही दिला. मग जाता जाता त्यांचा अंगठा मानेच्या कडेवरून, पट्ट्यांच्या टोकांवरून, खालपासून वरपर्यंत सावकाश फिरला. पुन्हा एकदा फिरला.

"डिबरिंग कुणी केलंय हो हे? बोटाला कुठं बर लागंना."

बर म्हणजे धातू कापल्यावर कडेला राहणारी कुसळं, ती काढणं म्हणजे डिबरिंग. चौदा महिने वाट बघून घेतलेल्या वाद्याची बेळगाव जिल्ह्यातली ही पहिली दाद. मी त्यांना दोनदा चहा पाजला.

आषाढीला गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात भजन होतं. बुवांनी बेस बघितला आणि त्यांचे डोळे लकाकले.

"चार तारा! तंबोरा आहे की हा. भोपळा कुठाय?"

मी अँप्लिफायर दाखवला.

"मिरजेचा?"

"बेंगळूरचा."

बुवांचा चेहरा पडला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, बुवांनी ते पन्नास वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय. हातानं घडवणं म्हणजे काय, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. तंबोऱ्यासाठी त्यांनी सतारमेकर गल्लीत किती खेपा घातल्या, हे गल्लीला पाठ आहे. त्यांनी माझी खालची तार छेडली, कान जवळ नेला.

"जवारी नाही ह्याला." तंबोऱ्याची तार घोडीला हलकेच घासून झंकारते, ती जवारी.

"गेल्या आठवड्यापर्यंत होती बुवा. उद्यमबागेत काढून टाकली."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी पेढ्यातला खवा काढून टाकलाय. तरी म्हणाले, "बस. काळी एकचा सा धर, मधून पंचम. बाकी बोटं चालवू नकोस."

दीड तास मी दोन सूर वाजवले. पण काय सांगू! शिसवी फिंगरबोर्डवरून तो सा फरशीत उतरत होता आणि मांडी घातलेल्या माणसांच्या गुडघ्यांतून वर येत होता. एकही मान माझ्याकडं वळली नाही. टाळकरी रंगले होते, पखवाजवाला डोळे मिटून होता.

तेवढ्यात लाईट गेली. समया होत्या, बुवांचा आवाज होता, टाळ होते, त्यामुळं भजन काही थांबलं नाही. थांबलो मी एकटाच. दोन आवर्तनं गेली आणि पखवाजवाल्यानं डोळे उघडले. डाव्या पुडीवर थाप मारली, कपाळाला आठी घातली. पुन्हा थाप मारली. वाकून पुडीला खर्ज देणारी कणीक चाचपली, निम्मी ओरबाडून काढली, तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवून नवी मळली आणि थापली. वाजवून बघितलं. मान हलवली. आणखी थोडी थापली.

दहा मिनिटांनी लाईट आली. मी सा धरला.

पखवाजवाल्याचा चेहरा खुलला. शेजारच्या टाळकऱ्याकडं झुकून तो म्हणाला, "आत्ता बघ कशी धरली कणीक!"

बुवांनीही गाता गाता वळून त्याला दाद दिली.