डावीकडून कोण?

पुस्तकाचा मजकूर बिचारा गुणी असतो. मुद्रितं, म्हणजे प्रूफं, तपासली की तो छापखान्याकडे निघतो. चित्रं मात्र शेवटपर्यंत रुसलेली असतात.

“फोटो व्हॉट्सॲपवर टाकलाय, एकदम क्लिअर आहे,” लेखक सांगतात. मोबाइलवर क्लिअर दिसणारच हो! पण छपाईला इंचामागे ३०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर आकसून ६०० पिक्सेल रुंद उरलेला फोटो कागदावर भरतो जेमतेम दोन इंच. “मग जरा ओढून मोठा करा की!” ओढतो. मग आजोबांची मिशी कुठं संपते आणि मफलर कुठं सुरू होतो, ते ज्यानं त्यानं ठरवायचं.

जुन्या पुस्तकातलं चित्र स्कॅन करावं, तर ते मुळात ठिपक्यांनी छापलेलं. त्यावर आपल्या छपाईचे ठिपके चढले की थेट चेहऱ्यावर चौकडी उमटते. “कापडाचा पोत छान आलाय,” लेखक म्हणतात. कापड कुठलं, गाल आहे तो!

पण ही झाली यंत्राची दुखणी, त्यांना औषध आहे. फोटोओळीला नाही. ती मागितली की येतं, ‘एक अविस्मरणीय क्षण’. कुणाचा, कधीचा, ते लेखकालाही आठवत नाही. समूहछायाचित्र असेल तर विचारूच नका. ‘उभे, डावीकडून’ अशी तेरा नावं येतात आणि फोटोत डोकी चौदा. चौदावं डोकं कुणाचं, यावरून लेखकाच्या घरात दोन तट पडतात. काकू म्हणतात थोरले भावजी, काका म्हणतात फोटोग्राफरचा मदतनीस. आम्ही छापतो, ‘आणि इतर’.

एवढं जुळवून आणावं, तर मांडणीकार फोटो आरशातल्यासारखा उलटवतो. माणसं पानाबाहेर बघत होती म्हणे, आत बघायला हवीत! आता ती आत बघतात, पण सगळ्यांची घड्याळं उजव्या मनगटावर गेलेली, शर्टांची बटणं उलट्या बाजूला आणि डावीकडून पहिले अध्यक्ष आता शेवटी. अध्यक्ष हयात आहेत, हे विशेष.

मजकुरातलं ‘वरील चित्र’ पान बदलल्यामुळे मागच्या पानावर जातं, ते वेगळंच.

चाळिसाव्या आकृतीपर्यंतचे क्रमांक मजकुराशी ताडून झाले की लेखकांचा फोन येतो. “अहो, सातव्या आकृतीनंतर आमच्या व्याह्यांचा एक फोटो घालायचा राहिलाय.”

“पुढचे सगळे क्रमांक बदलतील, सर.”

“छे हो, ‘७ अ’ करा ना!”

केलं. फोटो आला व्हॉट्सॲपवर. सोबत ओळ होती: ‘उजवीकडून दुसरे’. फोटोत व्याही एकटेच.