स्कूटरला चढते तेव्हा

गोव्यात आमच्या फोंड्यात पूर्वी कोणाची गाडी बंद पडली की चौघे जमायचे आणि चार कारणं सांगायचे. एकाला प्लग खराब वाटायचा, दुसऱ्याला बॅटरी, तिसऱ्याला वायरिंग, आणि चौथा म्हणायचा, ‘आधी पेट्रोल आहे का बघ.’ आता चौघे जमतातच, पण कारण एकच राहिलंय. इथेनॉल, म्हणजे हल्ली पेट्रोलमध्ये मिसळतात ते अल्कोहोल. मायलेज घटलं, इथेनॉल. किक बसत नाही, इथेनॉल. शेजारच्या भाईंच्या गाडीचा हॉर्न बसला, तोही त्यांनी इथेनॉलच्याच खात्यात टाकला. हॉर्न बॅटरीवर वाजतो हे मी बोललो नाही. निवृत्तीनंतर माणसाला भांडायला एक तरी ठोस विषय लागतो.

माझी स्कूटर कार्ब्युरेटरची आहे. पेट्रोल म्हणजे निव्वळ पेट्रोल, असं आम्ही मानत होतो त्या काळातली. तसं पाहिलं तर मिरज आणि मनमाडला पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग २००१ सालीच सुरू झाले होते, आणि २००३ साली पाच टक्के मिश्रणासाठी जी नऊ राज्यं ठरली त्यांत गोवा होता. पण पाच टक्क्यांनी कोणाचं काय बिघडतंय! २०२२ मध्ये दहा झाले, तेव्हाही स्कूटर कुरकुरत का होईना चालत राहिली. २०२५ मध्ये वीस झाले आणि मॅडमचा तोल गेला.

वीस टक्के म्हणजे किती, हे गोवेकराला वेगळं समजवावं लागत नाही. उर्राकात, म्हणजे आमच्या काजूच्या दारूत, अल्कोहोल साधारण पंधरा टक्के असतं. तेसुद्धा आम्ही एप्रिलच्या उन्हात लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून, सावलीत बसून घेतो. स्कूटर त्याहून कडक माल भर रस्त्यावर कोरा ढोसते. आणि रात्री पोलीस नळी माझ्या तोंडाला लावतात.

मायलेजवरून भाईंशी रोज वाद. त्यांचा हिशेब सरळ : वीस टक्के काढून घेतलं, तर वीस टक्के मायलेज गेलं. मी त्यांना सांगत होतो, अहो भाई, इथेनॉल म्हणजे पाणी नव्हे, तेही जळतं. फक्त लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. विसातला तिसरा हिस्सा धरा, सहा-सात टक्के झाले. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के आणि दुचाकींसाठी तीन-चार टक्के घट धरली आहे. ‘म्हणजे घट आहे ना?’ भाई म्हणाले. आहे. ‘मग झालं तर!’ एवढं बोलून ते विजयी मुद्रेने आत गेले.

इथेनॉलने ऑक्टेन, म्हणजे इंजिनातला दाब सोसायची पेट्रोलची ताकद, वाढतो, हेही मी त्यांना सांगणार होतो. पण त्याचा फायदा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला. माझ्या स्कूटरला ऑक्टेन वाढवून देणं म्हणजे आजोबांना जिमची वर्गणी भरून देणं.

खरा घोळ पावसात झाला. इथेनॉल पाणी ओढतं, आणि जूनपासून आमच्याकडे हवेत पाण्याशिवाय दुसरं काही नसतं. पापड मऊ, मीठ ओलं, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला हिरवी बुरशी. अशा हवेत अर्धी रिकामी टाकी अंगणात उभी. त्यात टाकीच्या झाकणाचं रबर जुनं. वर्क फ्रॉम होमच्या एका लांब आठवड्यानंतर स्कूटर काढली, तर म्हार्दोळपर्यंत नीट, कुंडईला खोकला आणि बाणस्तारीच्या पुलावर समाधी. मागून कदंब बसचा हॉर्न. तो मात्र बिनइथेनॉलचा, खणखणीत.

फिटरने कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरचा स्क्रू सैल केला आणि आतला माल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरला. ‘हें पळयात,’ म्हणजे हे बघा. बाटली उजेडात धरली तर वर पिवळसर पेट्रोल आणि खाली गढूळ थर, मध्ये पट्टीने आखावी तशी रेघ. पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडतं आणि पाण्याचा हात धरून तळाला जाऊन बसतं. इंजिनाला पेट्रोल जातं तळाकडूनच. पुढे त्याने पेट्रोलचा पाइप काढला. बोटाने वाकवला तसा कट् आवाज होऊन तडकला. मग पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा जेट उजेडासमोर धरला, त्यातून उजेड येईना. वर्षानुवर्षं टाकीत निवांत बसलेला मळ इथेनॉलने धुऊन काढला होता आणि नेऊन त्या टाचणीएवढ्या भोकात कोंबला होता. अशी सफाई घरकामाला असलेली मावशी करती, तर आमच्या हिने तिला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

वर फिटरने पथ्य सांगितलं, ‘पावसात टाकी फुल्ल ठेवायची. रिकामी जागाच नाही, तर दमट हवा शिरणार कुठे?’ सल्ला शास्त्रोक्त आहे, माझी तक्रार नाही. फक्त पेट्रोलचा त्रास कमी व्हावा म्हणून पेट्रोल जास्त भरायचं, हे उपचारशास्त्र खिशाला झेपायला हवं.

आणि माझं खरं दुखणं खिशाचंच. तीन-चार टक्के मी देशासाठी सोडले असते. कच्च्या तेलाची आयात वाचते, ऊसवाल्याला, मकेवाल्याला पैसा मिळतो, चांगलंच आहे. पण उणीव लिटरमध्ये आणि भाव पुरा! यावर सरकारचं २०२५ मधलं उत्तर असं, की इथेनॉलच सरासरी ७१ रुपयांच्या वर पडतं, शुद्ध केलेल्या पेट्रोलपेक्षा महाग. म्हणजे कमी ऊर्जेचा माल महाग आहे म्हणून तो घालायचा, आणि तो घातला म्हणून स्वस्त करायचं नाही. हे ऐकून भाईसुद्धा थोडा वेळ गप्प बसले. आमचा धारबांदोड्याचा संजीवनी साखर कारखाना तर कधीचा बंद, त्यामुळे स्कूटर आपल्याच गावचा ऊस पितेय एवढंही समाधान नाही. तांदळापासूनही इथेनॉल करतात, हे कळल्यावर ही म्हणाली, ‘म्हणजे आपलं शीत-कडीतलं शीत, आपला भात!’ आणि तिने स्कूटरकडे असं पाहिलं, की त्या दिवशी मी ती जरा लांब लावली.

बिलात पाइप, जेट, गॅस्केट, टाकी धुण्याची मजुरी आणि ‘इतर’ होतं. इतर म्हणजे काय, विचारलं नाही. नवा पाइप किती टिकेल, एवढंच विचारलं.

‘विसावर टिकेल हो. पण आता सत्तावीस टक्क्यांची चर्चा आहे, वाचलं नाही?’ म्हणत त्याने हात पुसले. शेजारचं दुकान बरेच महिने रिकामं होतं, ते त्याने भाड्याने घेतलंय.