पॅच टाकला, पण फुटलेल्या पासवर्डचं काय?

आयटीवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतोय. फोर्टिनेट कंपनीच्या फोर्टिगेट फायरवॉलमधल्या (ऑफिसचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्या मधलं पहारेकरी यंत्र) जुन्या पासवर्डफुटीबद्दल 'उगाच घाबरू नका' असं सांगणारा. त्यातले मुद्दे साधारण असे: त्या चुकीतून फक्त फाइल वाचता येते, ताबा मिळत नाही. पासवर्ड एन्क्रिप्टेड असतात. फर्मवेअर, म्हणजे यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं (पॅच टाकला) की विषय संपला. छोट्या कंपनीच्या वाटेला कोण जातो? ओटीपी लावलाय तर निवांत राहा. आणि एवढीच धास्ती वाटत असेल तर ब्रँड बदला. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा, पण यातला एकच मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे महागात पडणारे आहेत.

'फक्त फाइल वाचता येते.' कागदावर हे बरोबर आहे. पण कुठली फाइल, ते सांगायचं राहून गेलंय. सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींना सीव्हीई नावाचा क्रमांक मिळतो, या चुकीचा आहे सीव्हीई-२०१८-१३३७९. तैवानच्या डेव्हकोर कंपनीतल्या ऑरेंज त्साय आणि मेह चांग यांनी ती शोधली. मे २०१९ मध्ये फोर्टिनेटने सूचना काढली आणि ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत तिची जाहीर चिरफाड झाली. एसएसएल व्हीपीएनचं (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सोय) लॉगिन पान वेगवेगळ्या भाषांत दिसावं म्हणून ब्राउझर फायरवॉलकडे भाषेची फाइल मागतो. लॉगिन व्हायच्या आधीच मागतो, त्यामुळे 'तू कोण' हे विचारायची सोयच तिथे नव्हती. आलेलं भाषेचं नाव फायरवॉल न तपासता फाइलच्या पाथमध्ये, म्हणजे ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे त्या पत्त्यात, चिकटवत होता. नावाच्या जागी 'एक फोल्डर वर, अजून एक वर' असं लिहून पाठवलं की भाषांच्या फोल्डरमधून बाहेर पडता येत होतं. शेवटी फाइलप्रकाराचं शेपूट जोडलेलं असायचं, म्हणजे निदान तसल्याच फाइली बाहेर जातील अशी अपेक्षा. पण अख्ख्या पाथसाठी जागा राखली होती ६४ बाइटची. पाथ लांबवला की शेपूट कापलं जायचं.

अशा वाटेने हल्लेखोर जायचे ते व्हीपीएनच्या सेशनची (चालू लॉगिनची) नोंद ठेवणाऱ्या फाइलकडे. तिच्यात वापरकर्त्याचं नाव आणि त्याचा पासवर्ड, जसाच्या तसा. आता आपल्याकडे बहुतेक ठिकाणी व्हीपीएनला ॲक्टिव्ह डिरेक्टरी (कंपनीतल्या सगळ्यांची खाती आणि पासवर्ड सांभाळणारी यंत्रणा) जोडलेली असते. म्हणजे ज्या पासवर्डने अकाउंट्समधला माणूस सकाळी संगणक उघडतो, त्यानेच त्याचं मेल उघडतं आणि त्यानेच टॅलीच्या सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप लागतो. एवढं हातात आल्यावरही 'ताबा मिळाला नाही' म्हणायचं असेल, तर ताब्याची व्याख्या फारच कडक झाली. (याच दोघांना याच यंत्रात आणखी एक चूक सापडली होती, जिच्यातून लॉगिन न करता कुणाचाही व्हीपीएन पासवर्ड बदलता येत होता. फॉरवर्डमध्ये तिचा उल्लेखही नाही.)

'पासवर्ड एन्क्रिप्टेड असतात.' सेशनच्या फाइलपुरतं याचं उत्तर वर आलंच. राहिली कॉन्फिगची, म्हणजे फायरवॉलच्या सगळ्या सेटिंग्जची, फाइल. बॅकअप उघडून पाहिलाय का कधी? पासवर्डच्या ओळीत ईएनसी ही तीन अक्षरं आणि पुढे अगम्य अक्षरांची माळ. बघणाऱ्याला वाटतं, झालं, सुरक्षित आहे. पण ॲडमिनचा पासवर्ड फायरवॉलला फक्त ताडून पाहायचा असतो, म्हणून तो हॅश करून (परत उलगडता येणार नाही असं रूप देऊन) ठेवता येतो. एलडॅपला (ॲक्टिव्ह डिरेक्टरीकडे नाव-पासवर्ड विचारायची पद्धत) जोडणाऱ्या खात्याचा पासवर्ड किंवा दोन ऑफिसं जोडणाऱ्या साइट-टू-साइट व्हीपीएनची प्री-शेअर्ड की (दोन्हीकडे आधीच भरलेला गुप्त शब्द) मात्र त्याला स्वतःला वापरावी लागते, म्हणजे ती उलगडता येईल अशीच ठेवावी लागते. उलगडायची किल्ली कुठली? तर फर्मवेअरमध्येच कायमची लिहून ठेवलेली, सगळीकडे एकच. फोर्टिनेटने २०१९ मध्ये ही चूक सीव्हीई-२०१९-६६९३ म्हणून कबूल केली आणि स्वतःची किल्ली लावायची सोय दिली. ती ॲडमिनने आपल्या हाताने चालू करावी लागते. तुमच्याकडे ती चालू आहे का, हे पाहायला दोन मिनिटंही लागणार नाहीत.

आता मुख्य मुद्दा: 'पॅच टाकला की विषय संपला.' बोर्डाचा पेपर फुटला तर कपाटाला नवं कुलूप लावून भागत नाही, पेपरच बदलावा लागतो. इथेही तेच आहे, आणि हे मी मनाचं सांगत नाही. दुरुस्ती मे २०१९ मध्ये उपलब्ध होती. नोव्हेंबर २०२० मध्ये, दीड वर्षाने, सुमारे ५० हजार असुरक्षित फोर्टिगेटची यादी उघड्यावर आली. सप्टेंबर २०२१ मध्ये जवळपास पाच लाख व्हीपीएन खात्यांची नावं आणि पासवर्ड फुकट वाटले गेले. फोर्टिनेटच्याच म्हणण्यानुसार ही माहिती ८७ हजार यंत्रांची होती. ज्या वेळी ती उचलली गेली त्या वेळी ही यंत्रं पॅच नव्हती, पुढे झालीही असतील, पण पासवर्ड बदलले नसतील तर धोका तसाच, हे कंपनीने तेव्हाच स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे फॉरवर्ड ज्या कंपनीची बाजू घेतोय, ती कंपनीच या मुद्द्यावर त्याच्याशी सहमत नाही.

पल्स सिक्युअर या दुसऱ्या ब्रँडच्या व्हीपीएनमध्येही २०१९ मध्ये अशीच फाइल वाचू देणारी चूक होती. अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२० मध्ये बजावलं की पॅच टाकून महिने उलटल्यावरही आधी चोरलेल्या ॲक्टिव्ह डिरेक्टरी पासवर्डनी हल्लेखोर आत शिरताना दिसले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये १५ हजारांवर फोर्टिगेटच्या कॉन्फिग फाइली फुटल्या, त्या २०२२ च्या वेगळ्याच एका चुकीतून उचललेल्या होत्या. म्हणजे माल दोन वर्षं कुणाच्या तरी खिशात होता. आणि एप्रिल २०२५ मध्ये तर कहर झाला. नंतरच्या काही चुकांमधून आत गेलेल्यांनी भाषांच्या फाइलींच्या फोल्डरमध्ये मूळ फाइलसिस्टमकडे नेणारी एक लिंक ठेवून दिली होती. फर्मवेअर अपडेट व्हायचं, लिंक तिथेच राहायची, फाइली वाचणं चालूच. अशी १६ हजारांवर यंत्रं इंटरनेटवर मोजली गेली. पुन्हा तेच भाषांचं फोल्डर, बघा.

तेव्हा अपडेट कराच, पण त्याच दिवशी चालू सेशन तोडा, व्हीपीएन वापरणाऱ्या प्रत्येकाचा डोमेन पासवर्ड बदला, एलडॅपच्या खात्याचा बदला (तो हमखास राहतो, कारण बदलला की काहीतरी बंद पडेल अशी सगळ्यांना भीती), प्री-शेअर्ड की बदला, ओळख नसलेली ॲडमिन खाती शोधा आणि ॲडमिनचं पान इंटरनेटवरून दिसत असेल तर बंद करा. 'लॉगमध्ये तर काहीच दिसत नाही' या उत्तरावर विसंबू नका. फोर्टिगेट ६०एफसारख्या मॉडेलमध्ये नोंदी साठवायला डिस्कच नसते. लॉग बाहेर पाठवत नसाल तर रीबूट झाला की गेलाच. सर्ट-इन या आपल्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवणं आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं बंधनकारक आहे, हेही जाता जाता.

'छोट्या कंपनीच्या वाटेला कोण जातो?' कुणी निवडून जातच नाही. अख्खं इंटरनेट चाळलं जातं, ज्याचा दरवाजा उघडा तो यादीत. २०२१ च्या यादीत ७४ देशांतली यंत्रं होती आणि त्यांत भारतही होता. भोसरीतल्या वर्कशॉपचा आयपी ॲड्रेस चाळणीला बँकेच्या आयपीसारखाच दिसतो. जुनी चूक म्हणून ती मागेही पडली नाही. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या संस्थांनी २०२२ मध्ये सर्रास वापरल्या गेलेल्या बारा त्रुटींची यादी काढली, तीत २०१८ चा क्रमांक असलेली ही चूक ठाण मांडून होती.

'ओटीपी लावला की निवांत.' अर्धा खरा मुद्दा तो हाच. ओटीपी असता तर फुटलेल्या पासवर्डांपैकी बरेचसे नुसत्या व्हीपीएनवर निरुपयोगी ठरले असते, आणि नसेल तर आजच लावा. पण फोर्टिगेटमध्येच सीव्हीई-२०२०-१२८१२ ही चूक होती. फायरवॉल नावातलं लहान-मोठं अक्षर वेगळं मानायचा, एलडॅप मानायचा नाही. विशिष्ट जोडणीत नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल टाइप केलं की फायरवॉलला ओटीपी लावलेला 'स्थानिक' वापरकर्ता सापडायचा नाही, तो एलडॅपला विचारायचा, एलडॅप हो म्हणायचा, आणि ओटीपी न विचारता माणूस आत. सिट्रिक्स या आणखी एका ब्रँडच्या २०२३ च्या चुकीत तर चालू सेशनचं टोकनच (लॉगिन झाल्याचा पास) बाहेर पडत होतं. ओटीपी त्याआधीच देऊन झालेला असायचा.

राहता राहिला ब्रँड. पल्स आणि सिट्रिक्स वर आलेच. चेक पॉइंटच्या यंत्रांतही मे २०२४ मध्ये लॉगिनविना फाइली वाचू देणारी चूक निघाली, आणि तिच्यातून पासवर्डच्या हॅशची फाइलसुद्धा वाचता येत होती. तिथे हल्लेखोरांनी नेमकी जुनी, विसरलेली, नुसत्या पासवर्डवर चालणारी स्थानिक खाती गाठली. ब्रँड बदलायला माझी हरकत नाही. पण स्थलांतराच्या रात्री वेळ वाचावा म्हणून जुन्या बॅकअपमधलीच प्री-शेअर्ड की, तेच एलडॅपचं खातं आणि कुणी बनवलं ते आठवत नाही असं 'टेस्ट' नावाचं खाते नव्या बॉक्समध्ये भरलं जातं. बदलाची ऑर्डर काढताना या तिन्ही गोष्टी नव्याने करायच्या, हे व्हेंडरच्या कामाच्या यादीत लिहून घ्या.