पायी चालणारा इसम

अमेरिकेच्या उपनगरात एखाद्या धडधाकट माणसाचे पाय काढून घ्यायचे असतील, तर त्याला हात लावण्याचीही गरज नसते. त्याच्या ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत संपू दिली की काम होते. एच-१बी व्हिसावर राहणाऱ्या माणसाचे लायसन्स त्याच्या व्हिसाच्या कागदावरील तारखेला बांधलेले असते. व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज वेळेत केलेला असेल, तर निर्णय येईपर्यंत २४० दिवस नोकरी करत राहण्याची मुभा कायदा देतो. नोकरीच्या जागी पोहोचण्याबाबत मात्र तो काही बोलत नाही. लायसन्सच्या खिडकीवरील बाईंनी माझी अर्जाची पावती सहानुभूतीने उलटसुलट पाहिली, संगणकावर थोडी टकटक केली, आणि नवी तारीख दिसल्याखेरीज यंत्र कार्ड छापणार नाही असे सांगून पुढचा नंबर पुकारला. पत्नीचा व्हिसा माझ्या व्हिसाला आणि तिचे लायसन्स तिच्या व्हिसाला बांधलेले असल्यामुळे (सप्तपदीतले हे आठवे पाऊल गुरुजींनी सांगितले नव्हते) घरातील दोन्ही चालक एकाच दिवशी बाद झाले. गॅरेजात दोन गाड्या, दोन्हींचे हप्ते चालू, विमा चालू, टाक्या भरलेल्या, आणि घरातले दूध संपलेले.

आमचे उपनगर ओहायो राज्यात आहे. घराच्या मागच्या डेकवर उभे राहिले की किराणा दुकानाची पाटी चष्म्याशिवाय वाचता येते. मध्ये एक लाकडी कुंपण, पावसाचे पाणी साठवणारे एक तळे आणि सहा पदरी रस्ता एवढेच आहे. तळ्याच्या काठावर कॅनेडियन हंसांची वस्ती आहे आणि तिथल्या हद्दीबाबत ते म्युनिसिपालिटीपेक्षा अधिक दक्ष असतात. कुंपण ओलांडण्याची सोय नसल्याने रीतसर वाटेने जावे लागते आणि ती वाट अडीच मैलांची आहे, कारण आमच्या वसाहतीतील प्रत्येक गल्ली वळसे घेत जाऊन एखाद्या गोल अंगणात संपते आणि बाहेर पडायला दार एकच. या रचनेचे श्रेयही ओहायोलाच द्यावे लागते. क्लीव्हलंडला लागून युक्लिड नावाचे गाव आहे. घरे कुठे, दुकाने कुठे आणि कारखाने कुठे, हे ठरवण्याचा या गावाचा अधिकार १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला, आणि मग देशभरच्या गावांनी घरापासून दुकान शक्य तितके लांब नेण्याचा सपाटा लावला. गावाला हे नाव जमीन मोजायला आलेल्या सर्वेक्षकांनी आपल्या आराध्य भूमितिकारावरून दिले होते. दोन बिंदूंमधील सर्वांत कमी अंतर पायी कापता येत नाही, हा सिद्धांत त्याच्या नावावर जमा व्हावा, असे त्यांच्या मनात खचितच नसणार.

फुटपाथ मुळीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. वसाहतीच्या आत तो आहे, रुंद आहे आणि स्वच्छ आहे. संध्याकाळी कुत्र्यांना घेऊन त्यावरून गोल गोल फिरता येते. वसाहतीच्या कमानीशी आला की तो गवतात संपतो. बिल्डरने आपल्या भूखंडांसमोर फुटपाथ घालायचा असा नियम आहे, आणि पुढची मोकळी जमीन कोणाही बिल्डरची नाही. तिथून बसथांब्यापर्यंत मी गवतातून, म्हणजे खरे तर गवत आणि चर यांच्या मधल्या उतारावरून, एक पाय वर आणि एक पाय खाली ठेवून चालत असे.

पहिल्याच आठवड्यात एका पोलीस अधिकाऱ्याने दिवे लुकलुकवत माझ्या बाजूला गाडी थांबवली आणि अत्यंत अदबीने विचारले, “सर, तुमची गाडी कुठे बंद पडली?”

“बंद नाही पडली. घरी आहे,” मी म्हणालो.

यावर त्यांना माझी अधिकच काळजी वाटू लागली. घरी सगळे ठीक आहे ना, कोणाला फोन करायचा आहे का, आज वार कोणता आहे हे मला माहीत आहे ना, अशी चौकशी झाली. शेवटी त्यांनी मला थांब्यापर्यंत सोडले. पोलिसांच्या गाडीच्या मागच्या आसनावरून उतरताना मला ज्या ओळखीच्या लोकांनी पाहिले, त्यांत महाराष्ट्र मंडळाच्या खजिनदारीण बाईही होत्या, हा तपशील पुढे गणेशोत्सवात माझ्या फार उपयोगी पडला. वर्गणीविषयी मला कोणी एक शब्दही विचारला नाही.

थांबा म्हणजे गवतात रोवलेला एक खांब आणि त्यावर एक निळी पाटी. बाक नाही, छप्पर नाही, आणि वेळापत्रकाच्या जागी दूरध्वनी क्रमांक. बस तासाला एक, रविवारी तीही नाही. थांबा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला असल्याने सहा पदर ओलांडणे आले. त्यासाठी सिग्नलच्या खांबावरील बटण दाबून उभे राहायचे. बऱ्याच वेळाने पांढरा चालता माणूस उजळतो; आपण दुसऱ्या पदरावर असताना तो नाहीसा होऊन लाल पंजा लुकलुकू लागतो, आणि तिसऱ्या पदरावर पोहोचेपर्यंत आकडे उलटे मोजले जाऊ लागतात. लाल दिव्यावरही उजवीकडे वळण्याची येथे परवानगी असल्याने वळणारे चालक डावीकडून येणाऱ्या गाड्या न्याहाळत असतात, आणि आपण त्यांच्या उजवीकडे असतो. मी भर उन्हात छत्री उघडून रस्ता ओलांडण्याची युक्ती काढली, कारण माणसापेक्षा छत्री त्यांना लवकर दिसते.

हिवाळ्यात थांब्याचे वैभव काही औरच असते. बर्फ पडला की पहाटे नांगर लावलेले ट्रक निघतात आणि रस्ता तळहातासारखा साफ करून सगळा बर्फ कडेला लोटतात. कडेला म्हणजे थांब्यावर. दोन दिवसांत त्याचा कमरेइतका ढीग होतो, वरून, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पाणी पडून तो टणक आणि काळपट होतो, आणि निळी पाटी त्यातून एखाद्या शिखरावर रोवलेल्या झेंड्यासारखी डोकावते. प्रवाशाने अशा वेळी ढिगावर चढून उभे राहावे की रस्त्यात उतरून, याविषयी सहप्रवाशांत दोन तट होते. मी ढिगाचा पुरस्कर्ता होतो. तिथून बस लांबूनच दिसते आणि मुख्य म्हणजे बसला आपण दिसतो.

बसमधील मंडळी मात्र लाख माणसे होती. वृद्धाश्रमात स्वयंपाक करणाऱ्या एक बाई, डायलिसिसला निघालेले एक आजोबा, गोदामातली रात्रपाळी संपवून पेंगणारी दोन मुले. ड्रायव्हर बाई सगळ्यांनाच ‘हनी’ म्हणत. तिकिटाचे यंत्र नोटा गिळते पण मोड देत नाही. कंडक्टर नसल्यामुळे उरलेले पैसे तिकिटामागे लिहून देण्याचा प्रश्नच येत नाही. एके दिवशी बेसबॉलची टोपी घातलेले एक गृहस्थ माझ्या शेजारी येऊन बसले. माझा इस्त्रीचा शर्ट आणि लॅपटॉपची बॅग त्यांनी निरखून पाहिली आणि आवाज खाली आणून विचारले, “पहिल्यांदाच का?”

बसने येण्याविषयी विचारत असावेत असे वाटून मी होकार दिला.

“मग घाबरू नका. पहिल्या वेळी लायसन्स लवकर परत देतात. फक्त वकील चांगला करा.”

आमच्या भागात नीटनेटका, मध्यमवयीन पुरुष बसमध्ये दिसला तर तो दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेला असणार, हे सर्वमान्य गृहीतक आहे, याचा मला तोवर पत्ता नव्हता. ज्याने आयुष्यात सोलकढीहून जालीम काही प्यायलेले नाही, अशा माणसाला हा आरोप झोंबणारच. मी त्यांना एच-१बी, मुदतवाढ, पावती आणि २४० दिवस हे सारे प्रकरण सविस्तर समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, माझ्या खांद्यावर थोपटले आणि म्हणाले, “मीही घरी असेच काहीतरी सांगितले होते.”

आमची बस मधल्या एका ओढ्यापाशी मुख्य रस्ता सोडून लांबचा वळसा घेते, कारण ओढ्यावरील पुलावर वजनाची मर्यादा घातलेली आहे. मोटारी पुलावरून जातात. बस जड, म्हणून ती फिरून जाते. या वळशाविरुद्ध आमच्यापैकी कोणी कधी तक्रार केली नाही, कारण शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्गची हकिगत सर्वांना ठाऊक आहे. तिथे २८ जानेवारी २०२२ च्या पहाटे फर्न हॉलो नावाचा पूल कोसळला आणि त्यावर असलेली एक लांबलचक जोडबसही त्याबरोबर खाली गेली. सुदैवाने कोणी दगावले नाही. योगायोग असा की पायाभूत सुविधांवर भाषण करण्यासाठी राष्ट्राध्यक्ष बायडेन त्याच दिवशी पिट्सबर्गला येणार होते. ते आले आणि त्यांनी पडलेला पूलही पाहिला. पुलाची अवस्था वाईट असल्याची नोंद कितीतरी वर्षे कागदावर होती, आणि पुढे चौकशीत निघाले ते असे की पाण्याचे निचरे तुंबलेले होते, त्यामुळे पाणी आणि मीठ पुलाच्या पोलादी पायांवर साचून ते गंजत गेले. थोडक्यात, कोणीतरी गटारे साफ करायला हवी होती. अमेरिकेतील सिव्हिल इंजिनिअरांची संस्था दर चार वर्षांनी देशाचे प्रगतिपुस्तक काढते. २०२१ च्या पुस्तकात सार्वजनिक वाहतुकीला डी-वजा मिळाला, जो सर्व विषयांत तळाचा होता. आमच्या कन्येने असे प्रगतिपुस्तक घरी आणले असते, तर त्याच संध्याकाळी गणिताची शिकवणी लागली असती.

वास्तविक या प्रदेशाला गाडीचे वावडे कधीच नव्हते. आमची बस विटांच्या एका टुमदार इमारतीवरून जाते, तिथे आता दातांचा दवाखाना आहे. पूर्वी ते विजेवर चालणाऱ्या, गावोगाव थांबणाऱ्या आगगाडीचे स्टेशन होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ओहायोत अशा गाड्यांचे अडीच हजार मैलांहून अधिक लांबीचे जाळे होते आणि याबाबतीत हे राज्य देशात पहिले होते. मोटारी आल्या, पक्के रस्ते झाले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच ते बहुतेक सारे गुंडाळले गेले. कोलंबस ही राज्याची राजधानी, पण तिथून शेवटची प्रवासी रेल्वे १९७९ साली सुटली. सिनसिनाटीचे स्टेशन १९३३ साली दिवसाला २१६ गाड्या हाताळता याव्यात अशा बेताने बांधले. तो अर्धगोल घुमट आजही डोळ्यांत मावत नाही. तिथे आता संग्रहालय आहे, आणि रेल्वे आठवड्यातून तीन दिवस, मध्यरात्र उलटल्यावर येते. क्लीव्हलंड, कोलंबस आणि सिनसिनाटी ही तीन शहरे रेल्वेने जोडण्यासाठी केंद्र सरकारने ४० कोटी डॉलर देऊ केले होते, तर २०१० साली निवडून आलेल्या गव्हर्नर केसिक यांनी ते नाकारले आणि पैसा इतर राज्यांना गेला. सुरुवातीच्या आराखड्यात त्या गाडीचा सरासरी वेग ताशी ३९ मैल होता, त्याची विरोधकांनी यथेच्छ टिंगल केली. ढिगावर उभ्या असलेल्या माणसाला ३९ हा आकडा हसण्यासारखा वाटत नाही.

पैशाचे म्हणाल तर गॅलनमागे १८.४ सेंट हा पेट्रोलवरील केंद्राचा कर १९९३ पासून तिथेच आहे, आणि त्यातले २.८६ सेंट तेवढे सार्वजनिक वाहतुकीच्या खात्यात पडतात. माझ्या पिवळ्या खांबाला, चुकलो, निळ्या खांबाला त्यातले किती आले असतील याचा हिशेब मी करत बसलो नाही.

पिवळा रंग तोंडात आला तो शाळेच्या बसमुळे. रोज सकाळी एक भलीमोठी पिवळी बस आमच्या गोल अंगणात, अगदी दारासमोर येते, दिवे लावते, ‘थांबा’ची पाटी बाहेर काढते आणि दोन्ही बाजूंची वाहतूक जागच्या जागी उभी राहते. आमची आठ वर्षांची कन्या मागे न पाहता रस्ता ओलांडून तीत चढते. बस अर्धी रिकामी असते आणि माझ्या ऑफिसवरूनच पुढे जाते. म्हणजे या देशाला प्रत्येक दारात बस आणता येते, वेळेवर आणता येते, आणि तिच्यासाठी ट्रकवाल्यांनाही थांबवता येते; अट एवढीच की प्रवाशाने बारावीच्या पुढे शिकू नये.

बस बंद असेल त्या दिवसासाठी काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्ह्याची, व्हॅन आहे, ती फोन करून आदल्या दिवशी सांगावी लागते. शेतीवाडीच्या भागात राहणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा तिच्याशिवाय निभाव लागत नाही, आणि चालकही मोठे मायाळू असतात. परंतु व्हॅन काउंटीची असल्याने काउंटीची हद्द ओलांडत नाही, आणि माझे ऑफिस हद्दीच्या एक मैल पलीकडे आहे. फोनवरील मुलीने माझ्यासाठी नकाशा उघडून बराच शोध घेतला. हद्दीच्या आतला शेवटचा पत्ता एका ट्रॅक्टर विकणाऱ्या दुकानाचा निघाला. मी तिथे उतरलो की दुकानाचे मालक आशेने बाहेर येत. पुढे पुढे त्यांच्या भिडेखातर मी नांगरांच्या किमतीही विचारू लागलो.

अशातच बसमध्ये एक सूचना चिकटवलेली दिसली. आमचा मार्ग चालू ठेवावा की बंद करावा, याविषयी जनसुनावणी होणार होती आणि बसने प्रवास करणाऱ्या नागरिकांनी अगत्याने उपस्थित राहून आपले म्हणणे मांडावे, अशी विनंती होती. मी नागरिक नाही, पण कर नियमित भरतो, आणि म्हणणे माझ्यापाशी भरपूर साठलेले होते. सुनावणी मंगळवारी संध्याकाळी सात वाजता, टाउनशिपच्या सभागृहात. त्या बाजूची शेवटची बस सहाच्या सुमारास परत फिरते. म्हणून सूचनेवरील क्रमांकावर फोन करून, बसच्या प्रवाशांनी सभागृहात यायचे आणि तिथून परत जायचे कसे, असे मी विचारले.

“अहो, त्याची अजिबात काळजी करू नका,” पलीकडच्या बाई अगदी मनापासून म्हणाल्या. “इमारतीच्या मागे भरपूर पार्किंग आहे, आणि सहानंतर ते मोफत असते.”