थोरल्या भावाच्या वारीला पायवाट द्या

पौष वद्य दशमी यंदा भोगीला आली. त्या दिवशी पहाटे पाचला सातपूरहून आमची दिंडी निघाली. आमची म्हणजे माझ्या आजोळची, येवला तालुक्यातली. गावची मंडळी विंचूर, निफाड, चांदोरी करत नाशकात आली होती. मी शेवटच्या टप्प्यापुरती सामील झाले. नाशिक ते त्र्यंबक २८ किलोमीटर, त्यातले सातपूरपासूनचे माझ्या वाट्याला आले.

नाशिकबाहेरच्या मित्रांना ही वारी फारशी माहीत नसते. पंढरीची आषाढी सगळ्यांना ठाऊक असते. पण पौषात वारकरी त्र्यंबकेश्वरी येतात, निवृत्तिनाथांच्या समाधीला. ज्ञानेश्वरांचे हे थोरले भाऊ, आणि त्यांचे गुरूही. आईवडील आणि भावंडांबरोबर ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करताना वाघ आडवा आला, सगळे पांगले आणि चुकलेला निवृत्ती गहिनीनाथांच्या गुहेत शिरला, अशी कथा आहे. तिथे मिळालेलं ज्ञान पुढे त्यांनी धाकट्या भावाला दिलं. त्या डोंगराच्या पायथ्याशीच १२९७ साली त्यांनी समाधी घेतली. नाशिक, नगर, खानदेशातून शेकडो दिंड्या भर थंडीत इथे चालत येतात.

पहाटे तोंडातून वाफ येत होती. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मधे मृदंग, मागे वीणेकरी आणि त्यांच्यामागे डोक्यावर तुळस घेतलेली माझी मोठी मामी. रात्रपाळी सुटलेले कामगार कंपन्यांच्या गेटबाहेर थांबून हात जोडत होते. एकाने सायकल बाजूला लावली आणि मामीच्या पाया पडला. मामी त्याला ‘माउली’ म्हणाली आणि उलट त्याच्याच पाया पडली. तो पंचविशीचा, ती पासष्टची. ही रीत मी लहानपणापासून पाहते, तरी त्या धुक्यात गळा दाटून आला.

महिरावणीच्या अलीकडे उजाडलं आणि गाड्या वाढल्या. रस्ता चौपदरी आहे, पण चालणाऱ्याच्या वाट्याला त्यातली पांढऱ्या पट्टीबाहेरची दीडेक फुटाची कड येते. तिच्यावर खडी, काचा, फुटके टायर. टाळकरी दोघे-दोघे चालले की बाहेरच्या माणसाचं धोतर गाडीच्या वाऱ्याने उडतं. एका टेम्पोचा आरसा मामीच्या तुळशीला लागला. वृंदावन पितळी होतं, डांबरावर आपटलं, माती सांडली. टेम्पो थांबलाही नाही. मामीने माती पदरात गोळा केली, रोप पुन्हा दाबून बसवलं आणि चालायला लागली. दोन बोटं डावीकडे असता तर तो आरसा तिच्या डोक्याला लागला असता, हा विचार त्या रात्री मला झोपू देत नव्हता.

दुसरी गोष्ट बायकांची. ती कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. दिंडीतल्या बायका पहाटे अंधारात उरकून घेतात आणि मग दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत. मला मामीनेच बजावलं होतं, ‘पाणी जपून पी गं.’ पूर्वी बांधाच्या आडोशाला जाता यायचं. आता दोन्ही बाजूंना लॉन्स, रिसॉर्ट, कुंपणाच्या भिंती आहेत. अंजनेरीच्या जवळ आमच्यातल्या एका बाईला चक्कर आली. पाणी प्यायली नव्हती, दुसरं काही कारण नव्हतं.

माणसांनी कुठेच हात आखडला नाही, हेही सांगायला हवं. तळेगावच्या पुढे एका शेतकरी कुटुंबाने अख्ख्या दिंडीला भोगीचं जेवण वाढलं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी, वर लोण्याचा गोळा. घरातली सून वाढताना म्हणत होती, ‘पोटभर घ्या, घाट नाही पुढे आता.’ सासू फोड आलेल्या पायांना खोबरेल लावत बसली होती.

आता २०२७ चा सिंहस्थ येतोय आणि त्यासाठी हा रस्ता आणखी रुंद होणार आहे. व्हायलाच हवा, बारा वर्षांनी येणारी गर्दी मोठी असते. पण चालणारी माणसं दरवर्षी येतात आणि वाढीव पदरांचा त्यांना उपयोग शून्य. उलट गाड्या जास्त वेगाने अंगावर येतील. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली, तेव्हा वारकऱ्यांसाठी दोन्ही अंगांना वेगळी पायवाट कामातच धरली होती. मग थोरल्या भावाच्या वाटेला ती का नको? फरशी नको, काँक्रीट नको, त्याने गुडघे जातात. सहा-आठ फुटांची मुरमाची वाट, रस्त्यापासून कठड्याने तोडलेली. कडेने वड, कडुनिंब, करंज. दर चार-पाच किलोमीटरवर पाणी आणि बायकांसाठी दार लागणारं, वर्षभर चालू राहणारं स्वच्छतागृह. हे रस्ता झाल्यावर मागून उपयोग नाही, जागा आत्ताच सोडावी लागते.

पेगलवाडीला ब्रह्मगिरी समोर आला, तशी दमलेली दिंडी एकदम पळायलाच लागली. मामीसुद्धा. संध्याकाळी समाधीसमोर तिने वाकलेलं वृंदावन खाली ठेवलं. एक फांदी मोडली होती, बाकी रोप ताठ होतं.

मी अर्ज लिहायला घेतला आहे. सातपूर, महिरावणी, तळेगाव, अंजनेरी, पेगलवाडी भागातल्या आणि दिंडी घेऊन येणाऱ्या गावांतल्या ज्यांना सही करायची असेल त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. रविवारी मी कागद घेऊन दारोदार फिरणार आहे, पायीच.