नक्कल कुणाची, ते तरी सांगा

नमस्कार. सोळाव्या शतकातला इटालियन कोरीवकार मार्कांतोनियो रायमोंदी याच्या 'पॅरिसचा निवाडा' या छापचित्राबद्दल मी लिहिलं होतं (तीन देवींत सर्वांत सुंदर कोण, हे ठरवणारा ग्रीक पुराणातला राजपुत्र तो पॅरिस). त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी: "लेखकाला एचिंग आणि एनग्रेव्हिंगमधला फरक कळत नाही. ड्यूररची चोरी करणाऱ्या नकलाकाराला डोक्यावर घेतलंय. असलं लिखाण नेटवर चित्रं बघून होतं." (ड्यूरर म्हणजे जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर.)

एका ठिकाणी 'एचिंग' पडलं होतं, तिथे 'एनग्रेव्हिंग' हवं होतं. चूक कबूल, दुरुस्तही केली. पण "इथे शब्द चुकलाय" एवढं म्हणून भागलं असतं. 'कळत नाही' ही कुठली भाषा?

आणि 'नेटवर चित्रं बघून'? अहो, कला महाविद्यालयात तीन वर्षं प्रिंटमेकिंग केलंय मी. एचिंगमध्ये पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने ओरखडायचं, पत्रा खायचं काम ॲसिड करतं. एनग्रेव्हिंगच्या ब्युरिनला, म्हणजे कोरायच्या टोकदार हत्याराला, तशी कुणाची मदत नाही. मूठ तळहातात रोवून टोक तांब्यात ढकलायचं, आणि वळण आलं की हात न वळवता पत्राच फिरवायचा. टोकापुढे तांब्याची बारीक कुरळी तार निघत जाते. जोर दिला की रेघ फुगते, सोडला की निमुळती होते. एकदा टोक सटकून डाव्या अंगठ्यात घुसलं, तो व्रण अजून आहे. तुम्ही कधी हातात धरलंय ब्युरिन?

आता 'नकलाकार'. या छापामागे इटालियन चित्रकार राफाएलचं रंगवलेलं चित्रच नाही. त्याने आराखडा दिला तो छापासाठीच. मग नक्कल कसली? त्या तीन देवींतली पाठमोरी मिनर्व्हा बघा, डोक्यावरून वस्त्र ओढणारी. पाठीच्या गोलाईबरोबर रेघा वळतात, सावलीत दाटतात, उजेडाकडे विरत जातात. ही वळणं तांब्यात मार्कांतोनियोच्या हाताने उतरली. कल्पना राफाएलची, हे त्याच पत्र्यावर कोरलंय, लपवलं कुठे? उजव्या कोपऱ्यातले दोन नदीदेव आणि जलदेवता ज्या ढंगाने बसलेत, तीच बैठक फ्रेंच चित्रकार एदुआर मानेने १८६३मध्ये 'गवतावरची न्याहारी'त घेतली. त्याला चोर म्हणणार आहात का?

ड्यूररच्या 'मेरीचं जीवन' मालिकेची त्याने नक्कल केली, हे सगळ्यांना माहीत आहे. माझा विषय तो नव्हता.

मिनर्व्हाची पाठ एकदा भिंगाखाली धरा. नंतर बोलू.