कमी दिवसांचे बाळ आणि वयाची वजाबाकी: एका फॉरवर्डला उत्तर

नव्या आईबापांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरणाऱ्या एका मजकुराचा आशय असा आहे: वय जन्मतारखेपासूनच मोजायचे असते, 'करेक्टेड वय' (जन्मतारखेऐवजी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेले वय) ही डॉक्टरांनी पालकांच्या समाधानासाठी काढलेली पळवाट आहे, पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळ बरोबरीला यायलाच हवे, लशी मात्र वजन भरल्यावर द्याव्यात, आणि तरीही मागे राहिले, तर दोन वर्षे गप्प बसावे, सगळे आपोआप भरून निघते. यातली विधाने एकमेकांना छेद देतात हे सोडून दिले, तरी त्यांतले एकही आहे तसे स्वीकारता येत नाही.

आधी पळवाटीचे पाहू. समजा, डॉक्टरांनी प्रसूतीची तारीख 15 मे दिली होती आणि बाळ 30 आठवड्यांचे असताना 6 मार्चला जन्मले. 6 नोव्हेंबरला जन्मतारखेने ते आठ महिन्यांचे असते, पण 15 मेपासून मोजले तर पावणेसहा महिन्यांच्या आतच. आता मान धरणे, पालथे पडणे, बसणे या गोष्टी मेंदू आणि स्नायूंच्या परिपक्वतेवर चालतात, आणि ती परिपक्वता गर्भधारणेपासूनच्या काळाने ठरते. बाळ दहा आठवडे आधी बाहेर आले म्हणून मेंदू दहा आठवडे पुढे जात नाही. 34 आठवड्यांना मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण 65 टक्केच असते. उरलेली वाढ आईच्या पोटात व्हायची ती काचेच्या पेटीत आणि नंतर घरी होते, तिला लागणारा काळ काही टळत नाही.

हीच गोष्ट वजनाची. वाढीच्या तक्त्यावर जन्मतारखेप्रमाणे ठिपका मांडला, तर व्यवस्थित वाढणारे बाळही कमी वजनाच्या पट्ट्यात जाते, मग 'आईचे दूध पुरत नाही' असे कोणीतरी बोलते आणि वरचे दूध सुरू होते. अनेक घरांत स्तनपान तुटते ते अशा चुकीच्या जागी पडलेल्या ठिपक्यापायी, हे माझे मत.

वाढदिवसाच्या अटीला तर कसलाच आधार नाही. वरच्या उदाहरणातले बाळ पहिल्या वाढदिवसाला साडेनऊ महिन्यांच्या थोडेसेच पुढे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात पूर्ण दिवसांची निरोगी मुलेसुद्धा साधारण 8 ते 17 महिन्यांच्या दरम्यान केव्हाही आधाराशिवाय चालू लागलेली दिसतात. तेव्हा वाढदिवसाला चालत नाही म्हणून वॉकर आणू नये. वयातली ही वजाबाकी साधारणपणे दोन वर्षांपर्यंत करतात, कारण दहा आठवडे हा आठ महिन्यांचा चौथ्या हिश्श्याहून मोठा भाग आहे, पण दोन वर्षांचा दहावा हिस्साही नाही.

लशींबाबतचा सल्ला मात्र थेट घातक आहे. आईची प्रतिपिंडे नाळेतून बाळाकडे जातात ती मुख्यतः शेवटच्या तिमाहीत, म्हणजे कमी दिवसांच्या बाळाला हे संरक्षण मुळातच तोकडे मिळालेले असते आणि डांग्या खोकल्यासारखा आजार त्याला अधिक जड जातो. म्हणून 6, 10 आणि 14 आठवड्यांचे डोस जन्मतारखेप्रमाणेच, पूर्ण मात्रेत द्यायचे असतात. अगदी कमी वजनाच्या बाळाच्या बाबतीत जन्मानंतर लगेच द्यायच्या हिपॅटायटिस बी आणि बीसीजीच्या वेळेत डॉक्टर बदल करू शकतात, तेवढाच काय तो अपवाद, आणि तो निर्णय एनआयसीयूतच, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातच होतो. डोळ्यांची तपासणीही जन्मतारखेप्रमाणेच करायची असते. 34 आठवड्यांच्या आत किंवा 2 किलोहून कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचा पडदा जन्मानंतर महिन्याभरात तपासलाच पाहिजे, आणि 28 आठवड्यांच्या आतल्यांचा त्याहूनही आधी. येथे करेक्टेड वय लावून थांबणाऱ्या घरात मूल कायमचे दृष्टी गमावू शकते.

उरला दोन वर्षे गप्प बसण्याचा सल्ला, आणि तो मला सर्वांत जास्त खटकतो, कारण दिलाशाचे शब्द असल्यामुळे घरातली वडीलधारी मंडळी तो लगेच उचलतात. वजाबाकी केल्यानंतरही जे उशिरा होते, ते खरोखरच उशिरा आहे. करेक्टेड तीन महिन्यांनाही बाळ चेहऱ्याकडे पाहून हसत नसेल, चार महिन्यांनंतरही मान धरत नसेल किंवा मुठी सतत आवळलेल्या राहत असतील, लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढून ताठ होत असतील, तर वाट पाहू नये. वर्षाच्या आत बाळ एकच हात पुढे करू लागले, की घरात 'डावखुरा दिसतो' असे कौतुकाने म्हणतात, पण ते दुसऱ्या हाताच्या अशक्तपणाचे लक्षण असू शकते. पहिल्या दोन वर्षांत मेंदू सर्वाधिक घडणक्षम असतो, त्यामुळे फिजिओथेरपीचा उपयोग तेव्हाच जास्त होतो. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी (मुलांच्या विकासातल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या) केंद्रांमध्ये ही तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. तेथे जाताना डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे आणि बाळ किती आठवड्यांचे असताना जन्मले हे आधी सांगावे.